भाकणूक आणि दहा गुणांचा प्रश्न

आज माझी ड्यूटी नव्हती. मागून घेतली. इतिहासाच्या मॅडमना भाचीच्या लग्नाला जायचं होतं, म्हणून त्या रजेचा अर्ज घेऊन प्राचार्यांकडे निघाल्या होत्या. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि म्हटलं, तुम्ही खुशाल जा, तुमचा हॉल मी बघतो. चैत्रातल्या दुपारी दुसऱ्याचं सुपरव्हिजन मागून घेणारा प्राध्यापक अख्ख्या बारामतीत मी एकटाच असेन. मॅडम पुन्हा पुन्हा धन्यवाद देत होत्या आणि मी नजर चुकवत होतो. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

गेल्या आठवड्यात साखर कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं, भोंगा गप्प झाला. चार-पाच महिने मळीचा वास नाकात इतका मुरलेला असतो की तो जातो तेव्हाच कळतं, अरे, वास होता. ऊसतोडीवाल्यांच्या खोपी उठल्या. मागे राहिलेत चुलीचे काळे दगड आणि रस्त्याच्या कडेला ट्रॉलीतून पडून वाळलेली उसाची टिपरं. कडुनिंबाला नवी पालवी आली आहे. कॉलेजच्या आवारात मुलं त्याच्या सावलीत बसून गाईडची पानं फाडून खिशात बसवण्याचा सराव करताहेत. परीक्षेचा आणि जत्रेचा हंगाम आमच्याकडे एकदमच येतो. एकेकाळी दोन्हींची मला ओढ असायची. आता चैत्र नको वाटतो.

मी तत्त्वज्ञान शिकवतो. आमच्या कोऱ्हाळ्याच्या भावकीत अजूनही याचा अर्थ नीट लागलेला नाही. एका चुलत्याने परवाच विचारलं, "म्हंजी त्यात प्रॅक्टिकल काय आसतंय?" मी हसलो. हसण्यावारी नेण्याची कला मला चांगली साधली आहे. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. प्रॅक्टिकल असतं. ते माझ्याकडून एकदाच झालं आणि त्यात एका गावाचं वाटोळं झालं.

त्या वर्षी वर्गात अकरा मुलं होती. तास दुपारी एकचा. ज्यांचे विचार मी शिकवतो ती माणसं युरोपातल्या थंडीत, दोन महायुद्धांच्या आगेमागे, कोट घालून लिहीत बसलेली. ते विचार मी सांगणार बेचाळीस अंशांत. पंखा गरम वारा फेकतोय, खिडकीबाहेर रसवंतीचं घुंगरू वाजतंय, मागच्या बाकावर एक जण डोळे उघडे ठेवून झोपलाय. तरी मी रंगात यायचो. माणूस बोलतो तेव्हा खरंच तो बोलतो का, की त्याच्या तोंडून त्याची जात बोलते, घराणं बोलतं, त्याला मिळालेली सत्ता बोलते? 'लोक म्हणतात' यातले लोक म्हणजे नेमके कोण? शोधायला गेलं तर कुणीच सापडत नाही, आणि हुकूम मात्र सगळ्यांवर चालतो. हे समजावताना मला कधी कष्ट पडले नाहीत. तिकडच्या पंडितांना जे जाडजूड ग्रंथ लिहून सिद्ध करावं लागलं, ते आमच्या आत्याला तोंडपाठ आहे. लोक काय म्हणतील या एका धाकावर तिने चार मुलींची लग्नं उरकली.

पहिल्या बाकावरची सारिका मध्येच म्हणाली, "सर, आमच्या घरात हे दर साली घडतंय. माझ्या आबांच्या तोंडून देव बोलतो."

सारिका इंदापूर तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने यायची. गावाचं नाव सांगत नाही, नीरेच्या काठाला आहे एवढं पुरे. घर धनगराचं. मेंढरं पणजोबांबरोबर गेली, आता ऊस, दोन गाई आणि दारात बांधलेल्या चार शेळ्या. तिचे आजोबा, सोपानआबा, बिरोबाच्या जत्रेत भाकणूक सांगायचे. येत्या वर्षी पाऊस कसा, पीक कसं, जनावराला भाव कसा, राज्य कुणाचं, हे देव त्यांच्या तोंडून सांगे आणि पाच-सहा गावं कान टवकारून ऐकत.

तिने मला जत्रेला बोलावलं आणि मी गेलो. ती दुपार अजून अंगावर आहे. ढोलांचे आवाज कानात नव्हे, बरगड्यांत ऐकू येत होते. भंडाऱ्याने हवा पिवळी झालेली, तोंडात हळदीची कडवट चव. माळावर माणसंच माणसं. पाच दिवस फक्त दुधावर राहिलेले सोपानआबा खांद्यावर घोंगडी टाकून मधोमध आले तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा आता कोसळणार. कोसळले नाहीत. अंगात कंप भरला, ढोल एकदम थांबले, आणि त्या काटकुळ्या देहातून असा काही आवाज निघाला की माझ्यासारख्या, देवळात शिरताना चप्पल सांभाळणाऱ्या माणसाचेही हात जोडले गेले.

या जत्रेची एक रीत आहे. देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, पण वेशीवरच्या राखणदाराला दुसऱ्या दिवशी बकरं लागतं. पहिल्या बकऱ्यावर सुरी चालवण्याचा मान गावातल्या मुलाण्याचा. तेव्हा तो मान बशीरभाईंकडे होता. आदल्या दिवशी, भाकणूक संपली की बशीरभाई सुरी घेऊन पुढे यायचे, सोपानआबा सुरीच्या पात्याला भंडारा लावायचे, बशीरभाई ती कपाळाला टेकवून आपल्या अल्लाचं नाव घ्यायचे. पुढच्या वर्षभराची गावाची राखण या दोन बोटं भंडाऱ्यावर चाले. का, कधीपासून, कुणी विचारत नव्हतं.

त्या साली मात्र विचारणारे निघाले होते. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष विक्रम जत्रेच्या आधी सोपानआबांकडे येऊन बसला होता. हे मला सारिकाने सांगितलं. तो म्हणाला होता, "आबा, औंदा देवाच्या तोंडून एवढं येऊं द्या. सुरीचा मान आपल्यातल्याच्या हातात पायजे. जमाना बदललाय. वरून तसा निरोप हाय."

"वरून म्हंजी कुठनं?" आबांनी विचारलं. "वर तर देव आसतो."

आणि भाकणुकीत, पाऊस झाला, ज्वारी झाली, गाईगुरं झाली, मग आबा गर्रकन वळले आणि तो आवाज म्हणाला, "सुरी ज्येच्या हातात हाय, त्येच्याच हातात ऱ्हाईल. हात बदलाल, तर राखण उठंल." माळावर चांगभलं घुमलं. विक्रमचं तोंड पडलं. देवाशी वाद कोण घालणार? बशीरभाई सुरी घेऊन आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मास्तर. सुंदर दिसलेली गोष्ट उलगडून तिचे धागे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सारिका शेवटच्या वर्षाला आली तेव्हा तिला प्रकल्पाला विषय हवा होता. मी म्हटलं, अगं, विषय तुझ्या घरात बसलाय. भाकणूक घे. सत्ता आणि वाणी. आजोबांना सरळ विचार, बोलताना बोलतं कोण? तिने वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. तिचं अक्षर मोठं देखणं होतं.

दिवाळीनंतर तिने आबांना विचारलं. शेळ्यांना पाला टाकत होते, संध्याकाळची वेळ, हिने मोबाईल रेकॉर्डिंगला लावलेला. ते रेकॉर्डिंग मी ऐकलं आहे. आधी शेळ्यांचा आवाज, मग हिचा प्रश्न: "आबा, जत्रंत बोलताना तुमी बोलता का देव बोलतो?" मग पाल्याची पेंडी सोडल्याची सळसळ. मग आबा म्हणतात, "आजवर कुणी इचारलंच न्हाय गं."

पुढचं ते जरा हळू बोलतात. "ज्या साली धाकट्या भावाशी माझं वाकडं आलं, त्या साली देव भाऊबंदकीवर लई तापला हुता. आता ध्यानात येतंय. आन् बशीर... बशीर आन् मी एका चिंचंवर चढलेलो हाय. मला बशीर आवडतो, म्हणून देव तसं बोलला का काय?"

मी ते ऐकलं आणि काय वाटलं सांगू? आनंद झाला. स्टाफरूममध्ये चार जणांना ऐकवलं. एक अडाणी म्हातारा नीरेच्या काठी बसून त्याच प्रश्नापाशी पोचला होता ज्यासाठी युरोपात आयुष्यं खर्ची पडली. मी सारिकाला वीसपैकी एकोणीस गुण दिले. तिने आनंदाने पेढे आणले, आणि ते मी खाल्ले.

पुढच्या चैत्रात, परीक्षेचे दिवस असूनही, मी पुन्हा जत्रेला गेलो. तेच ढोल, तोच भंडारा. सोपानआबा मधोमध आले. पाच दिवसांचा उपास त्यांनी नेमाने केला होता. ढोल थांबले. सगळा माळ श्वास धरून उभा. आबा उभेच. कंप नाही, आवाज नाही. नुसता घामाने डबडबलेला एक म्हातारा, डोळे मिटून, कान देऊन. एवढा वेळ गेला की पोरं रडायला लागली. मग ते डोळे उघडून, रोजच्या आवाजात, जवळच्यांना जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय ऐकूं येत न्हाय." आणि खाली बसले.

खोटं बोलणं त्यांना सहज जमण्यासारखं होतं. चाळीस वर्षं तोंडात बसलेले शब्द होते. गेल्या वर्षीचीच दोन वाक्यं म्हटली असती तरी भागलं असतं. पण ज्या माणसाने स्वतःला एकदा खरेपणाने विचारलं, 'हा मी की देव?' तो उत्तर मिळाल्याशिवाय तोंड उघडू शकला नाही. मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो होतो की माणसाने स्वतःशी खोटं बोलू नये, निवड आपली असते, तिची जबाबदारी आपली असते. ते जगून दाखवणारा पहिला माणूस मी त्या दिवशी पाहिला. आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली.

कारण गादी पाव तासही रिकामी राहिली नाही. कुजबुज वाढायच्या आत विक्रमच्या मंडळाने ढोल पुन्हा सुरू करायला लावले. आबांच्या लांबच्या भावकीतला एक जण, एरवी जेसीबी चालवणारा, अंगात आल्यासारखा घुमत पुढे आला. त्याच्या तोंडाशी कुणीतरी माईक धरला. देवाला माईक लागतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाऊस मध्यम सांगितला, ऊस बरा सांगितला. मग म्हणाला, "सुरीचा हात बदला! परका हात नको!" लाउडस्पीकर किंचाळला. मागून दहा-बारा पोरांनी घोषणा दिल्या, त्या बिरोबाच्या नव्हत्या. आणि मग, थोडं थांबून, चाचरत, सगळ्या माळाने चांगभलं म्हटलं.

बशीरभाई पुढेच उभे होते. भंडारा लावून घ्यायला सुरी काढून तयार. त्यांनी एकदा खाली बसलेल्या सोपानआबांकडे पाहिलं. मग सुरी फडक्यात गुंडाळायला लागले. फडकं छोटं होतं, टोक बाहेर राहत होतं, ते पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिले.

गर्दीतून सारिका माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काही आरोप नव्हता, फक्त वाट पाहणं होतं. तिला वाटत होतं, सर आता विचारतील. प्रश्न माझाच होता. तीन शब्दांचा होता, माईकही लागला नसता. बोलताना बोलतंय कोण? एवढं त्या जेसीबीवाल्याला जोरात विचारलं असतं, तर कदाचित चार माणसं हसली असती. चार माणसं हसली की अंगात आलेलं उतरतं, हे गावातल्या कुणालाही ठाऊक असतं. मी घड्याळाकडे पाहिलं. पाचची बारामतीची एसटी होती. जाताना बशीरभाईंच्या जवळून जावं लागलं. दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की तिथून आपली जबाबदारी सुरू होते, हा धडा मी दर वर्षी शिकवतो, म्हणून मी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नंतर मी या सगळ्याचा खूप विचार केला. विचार करणं हा माझा धंदाच आहे. ज्या शहाण्या माणसांचे विचार मी या भागात आणून सांगितले, त्यांनी मूर्ती फोडल्या तेव्हा त्यांना वाटलं असावं की चौथरा रिकामा राहील आणि रिकाम्या चौथऱ्यापाशी माणसं मोकळा श्वास घेतील. त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी त्यांची स्वतःची शहरं तरी पाहिली होती, तिथेही चौथरा कधी रिकामा राहिला नाहीच. शंका ही फार विचित्र सुरी आहे. ती फक्त प्रामाणिक माणसाला कापते. ज्याला आधीपासून माहीत आहे की देव-बिव कुणी बोलत नाही, त्याला तुमचा प्रश्न म्हणजे नुसती खबर असते, जागा रिकामी आहे म्हणून. सोपानआबांचा विश्वास मी काढून घेतला. विक्रमकडे काढून घेण्यासारखं काही नव्हतंच.

आता आमच्याकडे सगळेच भाकणूक सांगतात. टीव्हीवर सांगतात, सभेत सांगतात, सकाळी सकाळी मोबाईलवर पाठवतात. जनतेच्या मनात काय आहे, धर्माला काय हवं आहे, संस्कृतीला काय खपत नाही. पाच दिवस दुधावर कुणी राहत नाही. बारामतीपासून इंदापुरापर्यंतच्या रस्त्यावर चौकाचौकात फ्लेक्स आहेत आणि खाली एकच सही आहे, समस्त ग्रामस्थ. या समस्त ग्रामस्थांना मी कधी भेटलो नाही. काटेवाडीच्या फाट्यावर गाडी थांबली की मी ते फ्लेक्स वाचत बसतो आणि मला माझाच तास आठवतो. 'लोक' म्हणजे कोण, कुणीच नाही. मुलांना हे दहा मिनिटांत कळायचं. कळून काय झालं?

सारिका आता बारामतीत एका अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मध्ये रसवंतीवर भेटली. मी म्हटलं, काय वाचतेस? म्हणाली, "चार पर्याय आसत्यात सर, त्यातला एक निवडायचा. बरं वाटतं." मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "बशीरचाचा वालचंदनगरला लेकीकडं गेलेत राहायला. गावातलं घर बंद हाय." मी विचारलं, आणि आबा? "बसत्यात शेळ्यांत. प्रकल्पाची फाईल मी जाळली." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मी रसाचे पैसे द्यायचेही विसरलो, तिनेच दिले.

गेल्या दिवाळीत मी सोपानआबांना भेटायला गेलो. माफी मागायची होती. ते दारात बाजेवर होते, उठून बसले, पाणी मागवलं. मी बरंच काही बोललो. चूक माझी होती, मी तुमच्या नातीला तसं विचारायला लावायला नको होतं, वगैरे. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "न्हाय सर, प्रश्न चांगला हुता. खरा हुता. मला त्येचा राग न्हाय." मी सुटल्यासारखा श्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, "पर तुमी त्यो मलाच का इचारला? त्या माईकवाल्याला का न्हाय इचारला?"

यात उपरोध नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी शिकलेला माणूस, माझ्याकडे कारण असेल असं त्यांना वाटलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी विक्रम कॉलेजवर आला. आता तो बराच पुढे गेला आहे, गाडी मोठी आहे, बोलणं नम्र. जत्रेचं आमंत्रण घेऊन आला होता. "सर, औंदा भाकणुकीच्या आधी तुमचं भाषण ठेवलंय. लोकपरंपरा आन् तत्त्वज्ञान. पंधरा मिन्टं बोला. माईक चांगला हाय." पत्रिकेवर माझं नाव प्रमुख वक्ते म्हणून छापलेलं होतं, खाली समस्त ग्रामस्थ. माईक माझ्या हातात येणार होता, तोच, त्याच माळावर, आणि ऐकायला सगळी गावं. जो प्रश्न मी एका म्हाताऱ्याला विचारायला पाठवला, तो योग्य माणसाला विचारण्याची अशी संधी आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. सोपानआबा ऐकायला असते. कदाचित कुणी बशीरभाईंना वालचंदनगरला फोनही केला असता.

मी म्हटलं, "अरे, यायला आवडलं असतं, पण नेमकी त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी आहे." तो गेल्यावर मी वेळापत्रक पाहिलं. ड्यूटी नव्हती. मग मॅडमना जिन्यात गाठलं.

तर आज जत्रा आहे, आणि मी इथे आहे. हॉल नंबर चार, खिडकीबाहेर कडुनिंब, डोक्यावर गरम वारा. योगायोगाने पेपर माझ्याच विषयाचा आहे. सहावा प्रश्न मीच काढलाय, दर वर्षी काढतो: 'बोलणारा कोण असतो? सोदाहरण चर्चा करा.' गुण दहा. सगळी मुलं तो लिहितात, कारण त्याचं उत्तर गाईडमध्ये आहे. एव्हाना माळावर ढोल थांबले असतील. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, तिला काहीतरी विचारायचं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "परीक्षा चालू आहे. कुणीही बोलायचं नाही."